सोनगडची वाट, जंबुसरची वाट

पिलाजीराव गायकवाड बडोद्याला कोणत्या वाटेने आले, असे दांडिया बाजारात कोणालाही विचारा. उत्तर एका शब्दात मिळते: सोनगडहून. शाळकरी मुलांनी रंगवलेल्या तक्त्यावर पुणे जिल्ह्यातले दावडी, मग सोनगड, मग बडोदे अशी तीन टिंबे असतात आणि ती जोडणारा एक जाड लाल बाण. तो बाण पाहत आपल्या तीन-चार पिढ्या वाढल्या. सोनगड ते बडोदे हे अंतर सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर भरते. बाण तेवढ्यातच संपतो. त्या १३० किलोमीटरांत दोन मोठ्या नद्या आहेत, डोंगर आहेत, दाट जंगलाचा मुलूख आहे, हे बाण सांगत नाही.

आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. आमची नोकरी राज्य सरकारच्या रस्त्यांच्या कामावरची, शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. रस्ता म्हटला की आधी चढ, मग पाणी, मग जमीन कोणाची, हे तीन प्रश्न डोक्यात येतात. तेच तीन प्रश्न या लाल बाणाला विचारून पाहावेत असे आम्हा चार मित्रांना वाटले. गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी, जमेल तसे, संगणकावर आणि प्रत्यक्ष पायाने आम्ही ती वाट शोधत आहोत.

आधी साधनांविषयी थोडे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. जीपीएसच्या कामात दोन शब्द सारखे येतात, रूट आणि ट्रॅक. रूट म्हणजे निघण्यापूर्वी पडद्यावर आखलेला बेत. ट्रॅक म्हणजे आपण खरोखर चाललो त्याचा माग. खिशातले यंत्र ठरावीक अंतराने किंवा वेळाने आपली जागा, उंची आणि घड्याळातली वेळ टिपत राहते आणि त्या टिंबांची माळ तयार होते. घरी येऊन बेत आणि माग एकावर एक ठेवले की दोन्ही कधीच जुळत नाहीत. कुठे ओढा आडवा आलेला असतो, कुठे काटेरी कुंपण, कुठे गावकऱ्याने सांगितलेली जवळची वाट. इतिहासाच्या पुस्तकांत आपल्याला मिळतो तो बहुतेक बेत. माग फार क्वचित.

हे काम करायला आता फार खर्च येत नाही. क्यूजीआयएस नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, गूगल अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जमिनीच्या उंचीचे आकडे तर घरबसल्या उतरवून घेता येतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अमेरिकन अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. तीच ही माहिती. सोनगडचा किल्ला किती उंच आणि त्याच्या उत्तरेचा डोंगर कुठे उतरतो हे त्यावरून पडद्यावर दिसते.

आता सोनगडकडे वळू. बाळापूरच्या लढाईत १७२० साली पराक्रम केल्यावर दमाजीराव गायकवाडांना ‘समशेर बहाद्दर’ हा किताब मिळाला. पुढच्याच वर्षी ते वारले आणि पुतणे पिलाजीराव पुढे आले. पिलाजीरावांनी पहिला तळ नवापूरला टाकला होता, पण तो मुलूख पवारांच्या वाट्याचा म्हणून त्यांना तिथून हलावे लागले. मग त्यांनी सोनगडची जागा निवडली. हा किल्ला १७१९ च्या सुमारास मेवासी भिल्लांकडून घेतलेला. पुढे कित्येक वर्षे गायकवाडांचे मुख्य ठाणे तेच राहिले. नवापूर आणि सोनगड ही आडरानातली गावे नव्हती. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा मोठा व्यापारी रस्ता याच बाजूने जात असे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये त्या रस्त्याने गेला. बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार अशी गावे त्याने ओळीने लिहून ठेवली आहेत, आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असेही लिहिले आहे. (त्या भागातले लोक तांदळाचे कौतुक आजही ऐकवतात. आम्ही पाच किलो घेऊनही आलो.) म्हणजे सोनगडला बसणारा माणूस सुरतेच्या व्यापाराच्या मानेवर बसलेला होता. ठाणे म्हणून जागा अशी नामी.

पण तिथून उत्तरेला, बडोद्याकडे कसे जायचे?

आम्ही संगणकाला प्रश्न घातला. क्यूजीआयएसमध्ये अशी सोय आहे की चढाला अमुक किंमत, नदी ओलांडायला तमुक किंमत असे आकडे द्यायचे आणि दोन ठिकाणांमधली सर्वांत स्वस्त वाट काढायला सांगायची. संगणकाने पटकन उत्तर दिले: सोनगडहून पश्चिमेला उतरा, सपाटी गाठा, अंकलेश्वर-भरूचच्या बाजूला नर्मदा ओलांडा आणि सरळ वर या. आजचा मोबाइलही फार वेगळे सांगत नाही, तो आपल्याला महामार्गाकडेच ढकलतो. रस्त्याच्या कामातला कोणताही माणूस हेच म्हणेल.

पिलाजीरावांनी मात्र हे केले नाही. त्यांनी राजपिपळ्याच्या राजाशी स्नेह जोडला आणि नांदोद ते सागबारा या पट्ट्यात गढ्यांची रांग उभी करण्याची परवानगी मिळवली. ही नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. नांदोद आणि सागबारा नकाशावर दाखवून पाहिले की चित्र पालटते. ही गावे सपाटीवर नाहीत, सागबारा तर सोनगडच्याही पूर्वेला डोंगरात आहे. स्वस्त वाट सोडून पिलाजीराव महाग वाटेने गेले. कारण उघड आहे. सपाटीवर सुरत आणि भरूचची मोगली ठाणी होती, डोंगरात मित्र होते. संगणकाला आम्ही चढाची किंमत सांगितली होती, शत्रूच्या ठाण्याची सांगितली नव्हती. ती किंमत भरल्यावर वाट आपसूक पूर्वेला सरकली आणि सागबारा, देडियापाडा, नांदोद अशी डोंगरातून वर जाऊ लागली. आमच्या तीन वर्षांच्या कामातला हा सर्वांत आनंदाचा दिवस होता.

या वाटेचा पहिला तुकडा आज चालता येत नाही, कारण तो पाण्याखाली आहे. तापीवरचे उकाई धरण १९७२ साली पूर्ण झाले आणि सोनगडच्या उत्तरेपासून पूर्वेकडे प्रचंड जलाशय पसरला. सोनगडहून सागबाऱ्याकडे सरळ पाहिले तर मधे पाणीच पाणी. तेव्हा जुना नकाशा मिळवणे आले. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कामावरून छापलेले नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. ते उकाईच्या आधीचे. त्यात तापी अजून नदीसारखी वळणे घेत वाहते आणि तिच्या दोन्ही काठांना गावांची नावे आहेत.

असा जुना कागद नव्या नकाशावर बसवणे म्हणजे भिंतीवर जुनी तसबीर टांगण्यासारखे असते, चार खिळे नीट हवेत. खिळे म्हणजे दोन्ही नकाशांत सापडणाऱ्या आणि न हललेल्या जागा. किल्ला चालतो, रेल्वे स्टेशन चालते, नदीचे वळण चालत नाही. सुरतेहून खानदेशात जाणारी तापी व्हॅली रेल्वे इथे फार उपयोगी पडली. शिवाय आणखी एक गंमत आहे. जुने भारतीय नकाशे १८३० सालच्या, एव्हरेस्ट साहेबांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या मापांवर आखलेले आहेत, आणि जीपीएस वेगळ्या, नव्या मापांवर चालते. तो फरक सॉफ्टवेअरला सांगितला नाही तर जुन्या नकाशावरचे देऊळ पडद्यावर शेजारच्या शेतात जाऊन बसते. ज्यांच्या नावाचे शिखर आपण पाठ करतो त्यांचे हिशेब असे सोनगडच्या रानात भेटतात.

कागद बसला आणि निळ्या पाण्याखालून गावांची नावे वर आली. त्या गावांतले लोक, मुख्यतः भिल्ल, वसावा आणि गामीत कुटुंबे, धरणानंतर दुसरीकडे वसवले गेले. जलाशयाच्या काठावर एका वृद्ध गृहस्थांना आम्ही छापून नेलेला नकाशा दाखवला. त्यांना अक्षरे वाचता येत नव्हती, पण नदीचे वळण बोटाने ओळखून त्यांनी इथे आमचे शेत, इथून बैल उतरायचे, इथे उन्हाळ्यात पाणी गुडघ्याला, असे एकेक सांगायला सुरुवात केली. तो बैलउतार नकाशावर छापलेला नव्हता. आम्ही तिथे टिंब ठेवले आणि त्यापुढे ‘उतार, स्थानिक माहिती’ असे लिहिले. सोनगड भिल्लांकडून घेतला हे आपल्या इतिहासात एका ओळीत येते. पण पिलाजीरावांच्या पुढच्या सगळ्या हालचालींत भिल्ल आणि कोळी यांची मदत होती, आणि या रानात कुठे उतरायचे, पाणी कुठे, हे ज्ञान त्यांचेच होते. आपल्या तक्त्यावरच्या लाल बाणात ते कुठेच नाहीत. पाण्याखाली वाट गेली ती आपली म्हणून आपण हळहळतो. त्यांची तर घरेच गेली.

सागबाऱ्यापासून पुढे नांदोदपर्यंतचा माग आम्ही दोन हिवाळ्यांत मिळून पुरा केला, थोडा पायी, थोडा मोटारसायकलवर. इथे सांगण्यासारखे फार नाही. नवा रस्ता बहुधा जुन्या वाटेच्या अंगानेच जातो, कारण खिंडी मोजक्याच आहेत.

नर्मदा मात्र थांबवते. नांदोदहून उत्तरेला आले की पोइच्याला आज पूल आहे आणि पलीकडे चांदोद, ओरसंगच्या संगमावरचे तीर्थ. चांदोद आपल्या घरांत नवे नाही, श्राद्धविधीसाठी तिथे जाणारी कुटुंबे दांडिया बाजारात आजही आहेत. घोडदळ इथे कुठे नदीत उतरले असेल हे उपग्रहाच्या चित्रावरून सांगता येत नाही. वर सरदार सरोवर झाल्यापासून पाणी कधी, किती सोडायचे हे माणूस ठरवतो, आणि आजचा वाळूचा पट्टा तीनशे वर्षांपूर्वी तिथेच होता असे मानणे धाडसाचे. म्हणून आमच्या नकाशात नर्मदेवर एक टिंब नाही, चांदोदच्या दोन्ही अंगांना तुटक रेघांचा पट्टा आहे. आमच्या एका मित्राला हे आवडत नाही. त्याला एक ठळक रेघ हवी, म्हणजे फलक लावता येईल. आम्ही त्याला सांगतो, फलक लागला की तो दगडाचा होतो, मग खोडता येत नाही.

पुढे डभोई आणि तिथून सुमारे ३० किलोमीटरवर बडोदे. या तुकड्यात इतिहास इतका दाटलेला आहे की चालणे कमी आणि थांबणे जास्त होते. ढाढर नदीकाठच्या भिलापूरच्या आसपास १ एप्रिल १७३१ रोजी पहिले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची गाठ पडली. मराठ्यांविरुद्ध मराठे. सेनापती लढता लढता पडले. पिलाजीराव या लढाईत सेनापतींच्या बाजूला होते. बडोदे-डभोई रस्त्याने आपण शेकडो वेळा गेलो असू, भिलापूरला गाडी थांबवून नदीकाठी उभे राहिलेले किती असतील? तिथे उभे राहिल्यावर नदीचे खोल, चिरलेले काठ दिसतात. असे काठ भर दौडीत घोड्याला उतरता येत नाहीत आणि तोफेच्या गाड्याला तर मुळीच नाहीत. ठराविक उतारांवरच सैन्य एकवटणार, हे तिथे दोन मिनिटांत कळते. पुस्तकातून आम्हाला ते कधी कळले नव्हते.

इथेच आणखी एक गोष्ट ध्यानात आली. घोड्याची वाट आणि बाजारबुणग्यांची वाट एक नसते. घोडेस्वार शेतातून, ओढ्यातून, रानातून जातो. तंबू, धान्य, तोफा यांना गाडीवाट लागते, ती लांबून जाते आणि मुक्कामाला मागाहून पोचते. तेव्हा ‘मराठ्यांची वाट’ अशी एक रेघ नसतेच, निदान दोन असतात. आमच्या फाइलमध्ये आता त्या दोन रंगांत आहेत.

जागेवर जाऊन इतिहास तपासण्याची पद्धत आपल्या गावाला परकी नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ ते १९२५ अशी छत्तीस वर्षे सयाजीराव महाराजांच्या सेवेत बडोद्यातच होते. पुढे ते आणि जदुनाथ सरकार यांनी कितीतरी ऐतिहासिक स्थळे प्रत्यक्ष हिंडून पाहिली. त्यांच्या हाती जीपीएस नव्हते. आणि नकाशा-मोजणीचा विषय निघालाच आहे तर दांडिया बाजाराविषयी आणखी एक: आपल्या शेजारच्या ज्या घरी आज दर्शनाला लोक येतात ते अरविंद घोष १८९३ साली बडोदे संस्थानात रुजू झाले तेव्हा त्यांची पहिली नेमणूक सर्व्हे सेटलमेंट खात्यात, म्हणजे जमीनमोजणीतच झाली होती. पुढे ते योगी झाले. आमच्या खात्यातल्या मंडळींना हे सांगितले की फार बरे वाटते.

आता त्या लाल बाणाविषयी शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. पिलाजीरावांचा डाकोर येथे १७३२ साली विश्वासघाताने खून झाला. अंत्यसंस्कार सावलीला झाले. बडोदे मारवाडच्या अभयसिंहाने घेतले आणि शेरखान बाबीच्या हवाली केले. म्हणजे सोनगडच्या वाटेने आलेले बडोदे हातचे गेले. ते पुन्हा, आणि कायमचे, गायकवाडांकडे आले ते १७३४ साली, पिलाजीरावांचे बंधू महादजीराव यांच्या हाती. महादजीराव तेव्हा सोनगडला नव्हते, जंबुसरला होते. शेरखान बालासिनोरकडे गेलेला. पादऱ्याचे दला देसाई यांनी साथ दिली आणि महादजीराव झपाट्याने बडोद्यावर आले.

जंबुसर ते बडोदे सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर. उंचीचा आलेख काढला तर जवळजवळ आडवी रेघ येते. नर्मदा नाही, तापी नाही, ढाढर दक्षिणेला राहते. मोठे पाणी आडवे येते ते एकदाच, शहराच्या दाराशी विश्वामित्रीचे. मधल्या टप्प्यावर पादरा, तिथे आपला माणूस. शेरखानला खबर जाऊन तो परतेपर्यंत काम उरकायचे तर याहून सोयीची वाट नव्हती. सोनगडची वाट मित्रांची होती, ही वाट वेगाची. ज्या वाटेने शहर कायमचे मिळाले तिचा बाण आपल्या तक्त्यावर नाहीच.

गेल्या माघात आम्ही पादऱ्याहून पहाटे निघालो आणि हा शेवटचा टप्पा चाललो. काळी जमीन, कापूस, तूर, मधेमधे नव्या सोसायट्या. दुपारनंतर विश्वामित्री ओलांडली. पश्चिमेकडून येणारा माणूस कोटाच्या दारापाशी पोचण्याआधी ज्या भागात शिरतो तो हाच, आपला दांडिया बाजार आणि सूरसागराचा परिसर. तेव्हा इथे ही वस्ती अशी नव्हती, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज तर त्यानंतर, कोणी पागेत, कोणी दप्तरात, कोणी पूजाअर्चेला, देशावरून आणि कोकणातून आले. घरी येऊन माग पाहिला तर शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात यंत्राने आम्हाला पोळीतल्या चार घरांच्या स्वयंपाकघरांतून चालवले होते. उंच घरांच्या भिंतींवर उपग्रहाचे संदेश आपटून परततात आणि अरुंद गल्लीत असे होते. मिरवणुकीचा मार्ग याच सॉफ्टवेअरवर आखताना आम्ही म्हणूनच गल्ल्यांची रुंदी टेपने मोजतो.

सगळी रेघाटी आता एका जीपीएक्स फाइलमध्ये आहे. कागदोपत्री आधार असलेल्या जागा काळ्या, स्थानिक माहितीच्या हिरव्या, आमचे अनुमान तुटक रेघेत. उत्सवाच्या दहा दिवसांत संध्याकाळच्या आरतीनंतर मंडपाशेजारच्या खोलीत संगणकावर ती पाहता येईल आणि मोबाइलवर घेताही येईल. ज्यांच्या घरी मोडीतले जुने कागद, इनामाच्या सनदा किंवा प्रवासखर्चाच्या वह्या असतील त्यांनी त्यातली गावांची, मुक्कामांची नावे आम्हाला दाखवावीत. कागद घरीच ठेवा, आम्ही येऊन फोटो काढून घेऊ. दिवाळीनंतर उकाईच्या काठाने उत्तरेकडची बाजू चालायची आहे. होडीची सोय ते वृद्ध गृहस्थ करणार आहेत, आणि पाणी उतरलेले असले तर बैलउतार दाखवतो म्हणाले आहेत.